देवाला सांगितलं, गिऱ्हाइकाला नाही

"ताई, खरं बोलून धंदा होत नाही आणि खोटं बोलून प्रार्थना होत नाही." मन मोकळं करायला माझ्याकडे येणाऱ्यांत हे गाऱ्हाणं मी दुकानदारांकडून ऐकलंय, औषधांच्या एमआरकडून ऐकलंय, एका शिक्षिकेकडूनही. या वेळी सांगत होते नगरकडचे एक गॅरेजवाले. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच. बिलावर कंपनीची क्लच प्लेट, गाडीत लोकल. झोप उडालेली, आणि प्रभुभोजनाच्या (चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या) रविवारी नेमकं गावाला काम निघायचं.

पहिल्या भेटी भाडं, मुलीची फी आणि 'समोरचा गॅरेजवालाही तेच करतो' यातच गेल्या. मी अडवलं नाही. दुसऱ्याचं पाप मोजून झालं की माणूस स्वतःकडे वळतो.

मग एकदा विचारलं, "दादा, हे कुणाला सांगितलंत?"

"देवाला. रोज रात्री."

"आणि ज्याच्या गाडीत ती प्लेट आहे त्याला?"

ते हसले. "देव कुणाला सांगत नाही ना, ताई!"

बोलून गेले आणि एकदम गप्प झाले. बराच वेळ. मीही गप्प राहिले. अशा वेळी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करायचा नाही, हे मी चुका करून शिकलेय.

"म्हणजे मी देवाला आडोशासारखा वापरतोय," शेवटी तेच म्हणाले. मी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्या दिवशी मलाही बायबलमधले हनन्या आणि सप्पीरा नव्याने कळले. या नवरा-बायकोने जमीन विकली, थोडा पैसा ठेवून घेतला आणि सगळा दिला असं मंडळीला भासवलं. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन तुझीच होती, पैसाही तुझ्याच हातात होता. थोडा ठेवून घेतला हा गुन्हाच नव्हता. सगळा दिला असं भासवलं, तो गुन्हा. बहुतेक खोट्याचं मूळ पैशाच्या लोभापेक्षा चांगलं दिसण्याच्या हौसेत असतं. मंडळीत मान असलेल्या माणसाला तर हा मोह जास्तच.

म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडायला सांगते: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. नुसत्या रडण्यावर माझा फारसा विश्वास नाही. खोटं बिल फाडा, माणसाच्या दारात जा. पण एका वेळी एकच दार.

"जक्कयासारखं चौपट कुठून देऊ?" दादांनी विचारलं. जक्कय हा येशूला भेटून बदललेला जकातदार; चौपट हा त्याने आपणहून बोललेला आकडा. जुन्या करारातल्या लेवीयच्या सहाव्या अध्यायात भरपाई म्हणून मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच आहे. पाचशेला सहाशे. हा हिशेब ऐकून त्यांचे खांदे खाली आले.

पहिल्या गिऱ्हाइकाने सहाशे मोजून घेतले आणि पुन्हा फिरकला नाही. दुसरा म्हणाला, "मला माहीत होतं." हे जास्त लागलं. मी दोन्हींबद्दल आधीच बजावलं होतं. खरं बोललं की लगेच आशीर्वादाची रास पडते, असं मी कुणाला सांगत नाही.

आता बिलावर 'कंपनी की लोकल' असा रकाना आहे आणि काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून मालकाला दिला जातो.

परवा फोन आला होता. "ताई, एकाने स्वतःच लोकल टाकायला सांगितला. स्वस्त पडतो म्हणाला."

"मग?"

"टाकला. लिहून दिला."