मांस ‘धुरावतात’ की त्याला ‘धुरी देतात’?

खानापूरकडच्या एका वाचकानं विचारलंय : परदेशातल्या शेतावर घरच्या घरी डुक्कर कापून त्याचं मांस टिकवण्याबद्दलचं एक पुस्तक ते मराठीत आणतायत. त्यात ‘क्युअरिंग’ आणि ‘स्मोकिंग’ हे शब्द पानोपानी येतात. पहिल्याला ‘सुकवणे’ आणि दुसऱ्याला ‘धुरावणे’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही चालणार नाहीत. आणि हा नुसता भाषेच्या शुद्धतेचा प्रश्न नाही. पुस्तक वाचून कुणी खरंच मांस टांगलं, तर चुकीच्या शब्दानं ते नासेल.

‘क्युअरिंग’ म्हणजे वाळवणं, हा समज आपल्या भागात कुठून आला असेल ते कळतं. निपाणी पट्ट्यात हा शब्द तंबाखूच्या बोलण्यात येतो आणि तिथला विडीचा तंबाखू उन्हात वाळवतात. मांसाच्या बाबतीत मात्र क्युअरिंगचा जीव मिठात आहे. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, जंतूंना वाढायला पाणी उरत नाही. बेकनला, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाला, साधारण आठवडा लागतो, अख्ख्या मांडीच्या हॅमला कित्येक आठवडे. वाळणं हा त्याचा पुढचा भाग. शिवाय कोल्हापूर-बेळगावच्या ताटात ‘सुकं मटण’ म्हणजे रस्सा नसलेलं मटण. ‘सुकवलेलं मांस’ वाचलं की आधी तेच डोळ्यांपुढं येणार.

मग काय म्हणायचं? छापील पुस्तकाला ‘खारवणे’ उत्तम. खारवलेला बांगडा सगळ्यांना माहीत आहे, अर्थ लगेच लागतो. एक अडचण फक्त सीमाभागातली आहे. कानडीत ‘खार’ म्हणजे तिखट. ‘खारद पुडी’ म्हणजे मिरचीपूड. दोन्ही ‘खार’ संस्कृत ‘क्षार’वरून आलेत, पण एक मिठाकडं गेला आणि एक मिरचीकडं. घरात दोन्ही भाषा चालतात अशा वाचकाला ‘खारवलेलं मांस’ म्हणजे तिखट लावलेलं मांस वाटू शकतं. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथं ‘खारवणे, म्हणजे मिठात मुरवणे’ असं लिहावं. नुसतं ‘मुरवणे’ नको, कारण दही-आलं-लसूण लावून तासभर ठेवलेलं मटणही मुरतच असतं.

ओल्या पद्धतीत मांस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. त्या पाण्याला ‘खार’ म्हणावं. लोणच्याचा खार आपण रोज म्हणतोच, आणि लोणचं हा शब्दही ‘लवण’मधूनच आलाय.

आता धूर. आपल्या बोलण्यात अन्नाला धूर लागणं हा दोष आहे. दूध धुरकटलं, आमटीला धुराचा वास लागला, ही तक्रार असते. ‘धुरावलेलं मांस’ला तीच छटा येते, चुकून धूर लागल्याची. मुद्दाम देतात ती धुरी. बाळ-बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी देतात, गोठ्यात माशा-डासांसाठी कडुनिंबाची देतात. म्हणून ‘धुरी देणे’ घ्यावं. ‘धुंगार’ टाळावा, तळहाताएवढ्या वाटीत निखारा, त्यावर तूप, वर झाकण, पाच-दहा मिनिटांत काम झालं, तो धुंगार. त्यानं वास लागतो, मांस टिकत नाही.

थंड धूर, म्हणजे साधारण 30 अंशांच्या आतला, तासन्‌तास किंवा दिवसचे दिवस चालतो. तिथं ‘धुरात टांगणे’ जास्त नेमकं. जुन्या घरांत चुलीच्या वर आढ्याला बियाण्याची मक्याची कणसं टांगलेली असतात. वरची पानं काजळीनं काळी, हात लावला तर बोटाला चिकट तेलकट थर, सोलून बघाल तर आत दाणा पिवळाधमक, कीड नाही. धुरातली हीच द्रव्यं मांसाच्या पृष्ठभागावर बसून जंतूंना अडवतात. आत मात्र ती फार जात नाहीत, आतलं काम मिठाचं. म्हणून ‘खारवून, मग धुरात टांगणे’ हा क्रम मराठी वाक्यातही कधी उलटू देऊ नका.

आपल्याकडं या कामाला तयार शब्द का नाहीत, याचं कारणही साधं आहे. लक्ष्मीच्या यात्रेला किंवा म्हाईला बकरं पडतं, सोलतात, वाटे घालतात. मुंडी, पाय, वजडी, रक्ती सगळं कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला गेलेलं असतं आणि पाहुण्यांच्या पंगतीत त्याच दिवशी संपतं. टिकवायला उरतंच कुठं? म्हणून कापण्याच्या प्रकरणाला शब्दांची चणचण नाही. पाडणे, सोलणे, वाटे घालणे, फरा, मांडी, चाप, नळी हे खुशाल वापरा. टिकवण्याची परंपरा हवी असेल तर चोर्ला घाट उतरून गोव्याकडं बघा. तिथलं चौरीस म्हणजे मीठ, मिरची, व्हिनेगर लावलेलं डुकराचं मांस आतड्यात भरून उन्हात वाळवलेलं किंवा चुलीच्या धुरावर धरलेलं. हॅम आणि बेकन तसेच राहू देत, चौरीस जसं मराठीत आलं तसे तेही आलेत.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. मूळ पुस्तकात ‘पिंक सॉल्ट’ असेल तर त्याचं ‘गुलाबी मीठ’ करू नका. वाचक किराणा दुकानातून सैंधव आणेल. पुस्तकातलं मीठ वेगळं : साध्या मिठात सहसा 6.25 टक्के सोडियम नायट्राइट, आणि जेवणातल्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम दिलेला रंग. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू त्यानं रोखले जातात, सैंधवानं नाही. उलट हे नायट्राइटचं मीठ चमच्यानं भाजीत पडलं तर विषबाधा होते. त्याला ‘नायट्राइटचं क्युअरिंग मीठ’च म्हणा, आणि जुन्या पाककृतींत ‘सॉल्टपीटर’ (पोटॅशियम नायट्रेट) येईल तिथं ‘सोरा’. दोन्ही एक नाहीत, एकाच्या जागी दुसरं त्याच मापानं चालत नाही, हेही त्याच पानावर लिहा.