मिना की मुलामा?

प्रश्न असा आहे: आत्याने लंडनच्या जुन्या बाजारातून चांदीचा ब्रोच आणला. पानाचा आकार, वर निळा काचेसारखा थर, मागे 'नॉर्वे' आणि '925 एस' असे ठसे. कुणी म्हणतं हा मुलामा, विकणारा म्हणाला गिलोशे इनॅमल. मराठीत काय म्हणावं?

मुलामा तर नक्कीच नव्हे. मुलामा म्हणजे हलक्या धातूवर चढवलेलं सोन्याचांदीचं पातळ पाणी. म्हणून तर 'वरवरचा मुलामा' म्हणताना आपण नाक मुरडतो. तुमच्या ब्रोचवर धातू नाही, काच आहे. रंगीत काचेची पूड चांदीवर पसरून भट्टीत वितळवली की ती धातूला घट्ट धरते. याला आपल्याकडे शब्द आहे: मिना. मूळ फारसी, तिथे 'मी' दीर्घ. आपण मात्र विडा, किडा यांच्या चालीने ऱ्हस्व लिहावा असं मला वाटतं. दीर्घ लिहिला की शेजारच्या मीनाताई आठवतात. शिवाय 'मिन्याचे पैंजण' असं सामान्यरूपही सहज होतं.

आता गिलोशे. गंमत म्हणजे हे मिन्याचं नावच नाही, त्याच्या खालच्या कोरीवकामाचं आहे. यंत्रावर धातूत एकसारख्या बारीक लाटा किंवा किरणं कोरायची आणि वर पारदर्शक मिना द्यायचा. ब्रोच जरा कलता करून पाहा. निळ्याच्या तळाशी रेषा हलल्यासारख्या दिसतील. सेंट पीटर्सबर्गच्या फाबर्जे या जवाहिऱ्याने हे काम शिखरावर नेलं. नॉर्वेत ऑस्लोच्या डेव्हिड-अँडरसनसारख्या पेढ्यांनी (स्थापना 1876) पानं, फुलपाखरं असे ब्रोच भरपूर काढले. त्यांतल्या कित्येकांवरची नक्षी कोरलेली नसून साच्याने ठोकलेली असते. काटेकोर माणूस त्याला गिलोशे म्हणणार नाही, बाजार मात्र सर्रास म्हणतो.

इतर फ्रेंच नावांतही रंगापेक्षा धातूचं काय केलं हेच सांगितलेलं असतं. क्लॉइझने म्हणजे तारेच्या भिंती घालून केलेले कप्पे. शाँलव्हे म्हणजे धातू खोदून केलेले खळगे. मी त्यांना 'तारेचा मिना' आणि 'खोदीव मिना' म्हणते. पहिल्याला तारकशी म्हणू नका: तारकशीत तारांमधली जागा मोकळीच असते. प्लीक-आ-झूरमध्ये मिन्याच्या मागे पत्राच नसतो, उजेड आरपार येतो, चर्चच्या रंगीत खिडकीसारखा. याला 'आरपार मिना' शोभेल. तुमच्या ब्रोचला 'नक्षीवरचा मिना' म्हणा.

'ब्रोच' तेवढा राहू द्या. साडीपिन म्हटलं की त्यातली नक्षीच जाते.

आणि मागची पिन सैल झाली असेल तर सोनाराला 'यावर मिना आहे' असं आधी सांगा. मुलामा समजून त्याने डाख द्यायला फुंकणी लावली, तर आचेने काच तडकेल.