तिसऱ्यांदा ‘नीट’, की हार्मोनचं संशोधन?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरची द्राक्षबाग, लेक एकोणीस वर्षांची. दोनदा ‘नीट’ दिली. पहिल्या वर्षी ३१२ गुण, दुसऱ्या वर्षी ३३८. नवव्या वर्षी तिला टाइप १ मधुमेह झाला, तेव्हापासून दिवसाला चार वेळा इन्सुलिन. आता ती म्हणते, हार्मोनच्या आजारांवर संशोधन करायचंय. चुलते म्हणतात, तिसऱ्यांदा बसवा. पुण्याहून एका संस्थेचा रोज फोन येतो: सहा महिन्यांचा क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा, फी दीड लाख, नोकरीची शंभर टक्के हमी, पैसे याच आठवड्यात भरा. ताई विचारतात, ‘हे माणसांवर औषधं करून बघायचं काम ना? पोरीनं असलं काम करावं का? आणि तिची शुगर सांभाळून तिला ते झेपेल का?’

ताई, आधी त्या फोनचं बोलते. पैसे भरू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी असाच डिप्लोमा करवून घेतला, गोठ्यातली म्हैस विकून. हमीची नोकरी म्हणजे तीन मुलाखतींची पत्रं निघाली आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न होता, ‘मूळ पदवी कोणती?’ बारावीवरच्या डिप्लोम्याला या क्षेत्रात कुणी उभं करत नाही. बी. फार्म., बी. एस्सी., बीएएमएस, एमबीबीएस, नर्सिंग यांपैकी काहीतरी हातात लागतं, मग पुढचं. त्या डिप्लोम्यात शिकवतात त्यातलं बरंच चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा, म्हणजे आयसीएमआर या सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच संस्थेचा, ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिकवणीवरचा अभ्यासक्रम शिकवतो. शिकायला फी नाही, परीक्षेची थोडीशी आहे. लेकीला यंदाच नाव घालू द्या. तीन-चार आठवड्यांत तिला गोडी लागते का, हे तुम्हालाच दिसेल.

आता तुमच्या भीतीचं. ती खुळी नाही. या देशात चाचण्या गैरपद्धतीने झाल्या, लोकांना कळूच दिलं नाही, आणि २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सरकारला खडसावल्यावर नियम आवळले गेले. आज २०१९चे नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू आहेत. एथिक्स कमिटी, म्हणजे रुग्णांच्या हिताची बाजू तपासणारी समिती, हिच्या मंजुरीशिवाय एकही रुग्ण घेता येत नाही. या कमिटीत किमान सात माणसं लागतात, निम्मी तरी बाहेरची. एक कायद्याचा जाणकार, एक तुमच्या-माझ्यासारखा सामान्य माणूस, आणि एक तरी स्त्री. रुग्णाला त्याच्या भाषेत लिहिलेलं माहितीपत्रक द्यावं लागतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती कुणालाही उघडून बघता येते. लेकीला तिथे मधुमेह, थायरॉइड, पीसीओएस अशा आजारांच्या चाचण्या शोधायला सांगा. मिरज, कराड, कोल्हापूर, पुणे अशी केंद्रांची नावं दिसली की काम कुठे चालतं हे तिला आपोआप कळेल.

नियम कागदावर असतात, ताई. ते पाळले जातात की नाही, हे रुग्णासमोर बसलेल्या माणसावर ठरतं. त्या माणसाला स्टडी कोऑर्डिनेटर म्हणतात, आणि तुमच्या लेकीची पहिली नोकरी बहुधा हीच असेल.

हार्मोनच्या अभ्यासात हे काम फार नाजूक आहे. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सकाळी आठला भरपूर असतं, मध्यरात्री अगदी कमी; नमुना घेतल्याची वेळ लिहिली नाही तर आकड्याला अर्थच उरत नाही. हे कॉर्टिसॉल तयार करायला लावणारं हार्मोन म्हणजे एसीटीएच, त्याची नळी लगेच बर्फात ठेवावी लागते, नाहीतर हार्मोन नळीतच मोडून जातं. केस गळतात म्हणून कुणी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर काही यंत्रांवर थायरॉइडचा रिपोर्ट फसवा येतो. बाई गोळ्या घेते का, हे आधी कुणीतरी विचारलेलं असावं लागतं. आणि ग्लुकोजच्या चाचणीचंच बघा: उपाशीपोटी एक नमुना, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, मग दोन तासांनी दुसरा. जतहून पहिल्या एसटीने आलेला म्हातारा माणूस मिरज स्टँडवर कपभर चहा पिऊन येतो. यंत्राला ते कळत नाही. समोरच्या पोरीने विचारलं, ‘मामा, चहा झाला का?’ आणि ती रागावणार नाही अशी त्यांना खात्री वाटली, तरच ते खरं सांगतात. मग तिने ‘आज उपाशी नाहीत, परत बोलवायचं’ असं लिहायचं. त्या दिवशी रुग्णांचा आकडा एकाने कमी भरतो, वरचे साहेब विचारतात, तरी तेच लिहायचं. पुस्तकातलं संशोधन पुढे येतं, त्याच्या पायाशी ही वही असते.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या पुढाकाराने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आई काय खाते, किती राबते, बाळ किती वजनाचं होतं, हे वर्षानुवर्षं टिपलं. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. तरी बारक्या दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त निघालं. आपल्या लोकांना हडकुळेपणातही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा तिथून हाती आला. तो आला वजनकाट्याशी बसून खरा आकडा लिहिणाऱ्यांमुळे.

शिक्षणाचं आता. तिसऱ्यांदा नीट नको, असं माझं मत आहे. अख्ख्या वर्षात सव्वीस गुण वाढले. सरकारी जागा अजून लांब आहे आणि खाजगी जागेची फी बागेवर कर्ज काढायला लावेल. हेही खरं सांगते की एंडोक्रिनॉलॉजिस्ट व्हायचं तर एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम किंवा त्यांच्या तोडीच्या पदव्या, एवढाच रस्ता आहे, आणि रुग्णाच्या उपचाराचा निर्णय डॉक्टरच घेतात. ते दार सुटलं याचं तिला वाईट वाटेल. वाटू द्या, लगेच समजूत काढायला जाऊ नका. पण संशोधनाचं दार त्याने बंद होत नाही. रक्तातलं इन्सुलिन मोजायची रीत शोधणाऱ्या रोझलिन यालो डॉक्टर नव्हत्या, पदार्थविज्ञानाच्या होत्या. १९७७ साली त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. हार्मोन मोजणं शक्य झालं ते त्यांच्या आणि सोलोमन बर्सन यांच्या कामामुळे, आणि ते काम सुरू झालं होतं इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तापासून.

तुम्ही पत्रात कंसात लिहिलंय की सीईटीत ८६ पर्सेंटाइल आहेत. ते कंसातून बाहेर काढा! पीसीबी गटावर कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, बी. फार्म.ला अर्ज करा. सांगली जिल्ह्यात फार्मसीची कॉलेजं आहेत, रोज घरून जाऊन-येऊन होण्यासारखी. २०२४-२५ पासून ज्या घराचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केलंय. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला आजच तलाठ्याकडून सुरू करा, ऐनवेळी तिथेच अडतं. चार वर्षांनी कोऑर्डिनेटरची नोकरी करता येते, किंवा जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधं शरीरात काय करतात या विषयात, एम. फार्म., आणि मन असेल तर पीएच. डी. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे आताच मनात धरा. फार्मसी नकोच म्हणाली तर बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीत बी. एस्सी. करून प्रयोगशाळेच्या बाजूने जाता येईल. तो रस्ता लांबचा आहे, वाईट नाही.

तिची शुगर या कामाच्या आड येणार नाही. मॉनिटरच्या, म्हणजे केंद्राकेंद्रावर जाऊन नोंदी तपासणाऱ्याच्या, नोकरीत सतत प्रवास असतो, जेवणाच्या वेळा मोडतात, तेवढी टाळावी. एका केंद्रावर बसून करायचं काम तिला जमेल. फक्त एक गोष्ट तिला आतापासून सांगा. पुढे रुग्णाला चाचणीत घेताना ‘मीही इन्सुलिन घेते’ असं तिने म्हणू नये. मन मोकळं करायला म्हटलेलं ते वाक्य समोरच्या बाईला भार होतं, आणि ती न समजता सही करते. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. नवं औषध लागू पडेलच असं कुणी सांगू शकत नाही, हे ऐकूनही ती ‘हो’ म्हणाली तर ती संमती.

पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही घाईत एक लिहिलंय. नववीत असताना तिने शुगरच्या वहीत महिनाभर मनचे आकडे भरले, आणि डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री रडत तुम्हाला सांगितलं. मग प्रत्येक खोट्या आकड्यावर रेघ मारून बाजूला ‘तपासली नाही’ असं लिहिलं. तुम्ही हे तिची चूक म्हणून कळवलंत. ताई, चाचणीच्या कागदांचा नियम अगदी हाच आहे: व्हाइटनर चालत नाही, पान फाडायचं नाही, चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं काय ते, सही आणि तारीख. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांना हे शिकवावं लागतं, आणि काहींना ते शेवटपर्यंत जमत नाही. तिने कुणी न सांगता केलं.

पुढच्या शनिवारी दोघी सांगलीला या. सीईटीचं गुणपत्रक आणा, आणि ती वही असेल तर तीही. सकाळच्या एसटीने निघाल तर तिचा डबा बरोबर असू द्या, आपलं बोलणं लांबेल.