अडीच वर्षांची घोडी ‘पूर्ण फेरलेली’ कशी असेल?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात माझी शेती आहे. घरी बैलजोडी आणि दोन म्हशी. मुलगी १४ वर्षांची, तिला घोडेस्वारीचं वेड लागलंय. दोन मारवाडी घोड्या बघून ठेवल्यात. एक अडीच वर्षांची. मालक म्हणतो, ‘पूर्ण फेरलेली (म्हणजे स्वारीसाठी शिकवून तयार केलेली) आहे, नाचतेसुद्धा, उद्यापासून बसा.’ दीड लाख सांगतोय. दुसरी तीन वर्षांची, पाठीवर अजून कुणी बसलेलं नाही, ती ९० हजारांना मिळतेय. घेताना तरण्या घोडीचं शिक्षण किती झालेलं असावं? शिवाय पहिलीच्या कपाळावर दोन भोवरे आहेत, त्यावरून घरात शुभ-अशुभाचा वाद चालू आहे.
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : ‘उद्यापासून बसा’ म्हटलं की मी आधी घोडीचे गुडघे बघतो. तुम्ही आधी दात बघा. दोन दाती, चार दाती हा हिशेब तुम्हाला बैलांमुळे पाठ असेलच. फरक एवढाच, की बैलाला वरचे पुढचे दात नसतात. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे असतात, म्हणून दोन्ही ओठ उचलायचे. मधली दुधाच्या दातांची जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते, तिच्या शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. पाच वर्षांना घोडा जुळतो, म्हणजे सगळे पुढचे दात पक्के होतात. मधले दातसुद्धा अजून दुधाचेच असतील, तर ‘अडीच वर्षं’ हीच थाप असू शकते, पुढचं जपूनच ऐका.

आता हाडांचं. गुडघ्याच्या वरची वाढीची जागा साधारण दोन-अडीच वर्षांत भरते. पाठीचे मणके मात्र सगळ्यात शेवटी पक्के होतात, पाच-साडेपाच वर्षांपर्यंत. आणि खोगीर नेमकं तिथेच बसतं. अडीच वर्षांची घोडी ‘पूर्ण’ फेरलेली असेल, तर ती दीड-दोन वर्षांची असल्यापासून कुणीतरी तिच्यावर बसत आलाय. तुम्ही शिक्षण समजून त्या झिजेचे जादा पैसे मोजताय.

हे मी स्वतः हात पोळून घेतल्यावर शिकलो. वडील सोलापूर स्टेशनवर टांगा हाकायचे, म्हणजे घोड्यातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज. तिशीत एका बाजारातून दोन वर्षांचा अबलख घोडा आणला. बाजेवर चढून ढोलाच्या ठेक्यावर असा नाचला, की मी घासाघीस न करता पैसे मोजले. चौथ्या दिवशी नालबंद आला. त्यानं मागचा पाय धरला मात्र, घोड्यानं त्याला पत्र्याच्या दारावर आपटला. पाय उचलू द्यायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, नुसतं नाचवलं होतं. पुढे एकदा सोलापुरात सात रस्ता चौकात वरात आडवी आली. बँड सुरू झाला आणि आमचे राजे भर चौकात थांबून नाचायला लागले. मी टाच मारतोय, मागून बसवाला हॉर्न देतोय, वरातीतली पोरं वरून दहाच्या नोटा ओवाळतायत. हसायला ठीक आहे, पण चौथ्या वर्षी तो पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागला. डॉक्टरांनी गुडघा चाचपला आणि एवढंच विचारलं, ‘याला कधीपासून नाचवताय?’

तेव्हा नाच हे शिक्षण धरू नका. तरण्या घोडीला जमिनीवरचं सगळं यायला हवं, पाठीवरचं जवळपास काही नाही. मोरखी (तोंडावरची दोरी) चढवताना मान वर फेकू नये. बांधल्या जागी अर्धा तास शांत उभी राहावी. चारही खूर हातात द्यावेत, मागचेसुद्धा. अंगावर, कानांवर, पोटाखाली हात फिरवू द्यावा. लांब दोरीवर दोन्ही अंगांनी गोल फिरावी, टेम्पोत न लोटता चढावी, पाठीवर रिकामं खोगीर सोसावं. तीन वर्षांच्या घोडीला एवढं येत असेल, तर ती शिकलेली आहे. वडील नव्या घोड्याला टांग्याला जुंपण्याआधी कित्येक आठवडे नुसते लांब दोऱ्या धरून मागून चालायचे, मग बाभळीचा ओंडका ओढायला लावायचे. टांगा त्याच्या पुढची गोष्ट.

हे तपासायला न सांगता जा, तेही सकाळी. आधी कळवून गेलात तर घोडी फिरवून दमवलेली मिळेल, क्वचित गुंगीचं औषध दिलेलीही. गव्हाणीवरून सोडण्यापासून सगळं तुमच्यासमोर होऊ दे. पहिलीवर मालकालाच बसायला सांगा, तुम्ही बसू नका. नंतर ओठांचे कोपरे बघा. काटेरी लगामाचे वळ तिथे दिसतात. पाठीच्या उंचवट्यावर काळ्या किंवा तांबड्या केसांत पांढरे ठिपके असतील तर ती खोगिराची जुनी जखम. अडीच वर्षांच्या अंगावर जुनी जखम म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

दोन्हींतली घ्यायची तर माझं मत ९० हजारांच्या घोडीला, ती पाय देत असेल तर. वाचलेले ६० हजार चाबुकस्वारासाठी, म्हणजे घोडी फेरणाऱ्यासाठी ठेवा. वर्षभरानं, ती चार वर्षांची झाल्यावर, स्वारीला सुरुवात करा. पहिले काही महिने दिवसाला वीसेक मिनिटं, तीही चालीवर आणि थोडी दुडकी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ गाठतो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत काम उरकायचं. ओझ्याचा ठोकताळा सांगतो : जुळलेल्या घोड्यावर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको. साडेतीनशे किलोच्या घोड्याला ७० किलो झाले. तरणीला त्याहूनही कमी. मुलगी चालेल, तुम्ही नाही.

पण मुलगी शिकणार कशावर? खरा प्रश्न हा आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. नवा खोंड औताला धरताना तुम्ही शेजारी जाणता बैल जुंपता, दोन्ही खोंड जुंपत नाही. इथे तुमची पोर एक खोंड आणि घोडी दुसरं. ही घोडी तयार होईतो मुलीला कुणाच्या तरी आठ-दहा वर्षांच्या घोडीवर शिकू द्या. घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, दहाची घोडी म्हातारी नव्हे. आषाढी वारीत वाखरीला बाजीराव विहिरीच्या रिंगणात लाखोंच्या गर्दीत अश्व धावतात, ते बघून पोरांना वाटतं घोडा उपजतच असा असतो. तसं नसतं. आणि मुलीला येत्या दिवाळीतच बसायचं असेल, तर या दोन्ही सोडा आणि अकलूजच्या घोडेबाजारात अशी जाणती घोडीच शोधा.

भोवऱ्यांचं म्हणाल तर भोवरा म्हणजे केसांची वळलेली दिशा. घरात वाद नको म्हणून घोडी सोडलीत तर माझी हरकत नाही, मी तर ती गुडघ्यांसाठीच सोडायला सांगतोय. मात्र त्या भोवऱ्यांचं नाव काढून मालक किंमत पाडायला लागला तर हुरळू नका.

पैसे देण्याआधी सरकारी डॉक्टरांकडून रक्त काढून ग्लँडर्सची तपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो आणि तुमच्या घरात लेकरू घोडीला बिलगणार आहे. धनुर्वाताची लस घोडी दारात आली की लगेच. आणि म्हशींच्या गोठ्यात बांधू नका. तिला वेगळी, कोरडी जागा करा, नाहीतर शेणामुतात उभं राहून खूर सडतात.