पेन्शन असताना पन्नाशीनंतर काम का शोधावे?

“पैशाची अडचण नाही, तरीही दिवस खायला उठतो. या वयात काम शोधावे का, आणि शोधले तरी आम्हाला देणार कोण?” पन्नाशी ओलांडलेली माणसे हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वारंवार येतात. त्यांतील बहुतेकांनी तीस-तीस वर्षे एकाच प्रकारचे काम केलेले असते आणि ‘मला दुसरे काहीच येत नाही’ हे ते इतक्या खात्रीने सांगतात, की जणू तो त्यांच्या सेवापुस्तकातील एखादा शेरा असावा. या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका गृहस्थांची हकीकत सांगते. ती लिहिण्यास त्यांची संमती आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दूरध्वनी केंद्रात नोकरीला होते. उमेदीची वर्षे खांबांवर चढण्यात गेली आणि पुढची भूमिगत केबलचे जोड करण्यात. भारत संचार निगमने २०१९ मध्ये ५० वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी देशभरातून सुमारे ७८,५०० जण सेवेतून बाहेर पडले. त्यांत हेही होते. वय ५३, मुलगा नोकरीला लागलेला, घर स्वतःचे, निवृत्तिवेतन सुरू. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागल्याने घरी बसणे सर्वांच्याच वाट्याला आले, त्यामुळे निवृत्तीची झळ त्यांना लगेच लागली नाही. ती लागली बाहेरचे जग पुन्हा सुरू झाल्यावर, कारण त्या जगात आता त्यांची कोणी वाट पाहत नव्हते.

ते माझ्याकडे आले ते पत्नीच्या आग्रहावरून. “मॅडम, यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्यात,” वहिनींनी सुरुवातीलाच सांगितले, “तिखट कुठे आहे ते मला लग्नापासून ठाऊक आहे.” तोवर त्यांनी शेअर बाजाराचा ऑनलाइन वर्ग केला होता, विमा एजंट होऊन नातेवाइकांना फोन टाळायला शिकवले होते, आणि देवस्थानच्या समितीवर जाऊन हिशेबाच्या वादातून बाहेरही पडले होते. त्यांची मागणी स्पष्ट होती: “माझी आवड कोणती, ते एकदा शोधून द्या.”

या मागणीला मी सहसा दाद देत नाही. विशीत घर चालवण्यासाठी मिळेल त्या नोकरीला लागलेल्या माणसाला पन्नाशीत ‘तुमची खरी आवड शोधा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या माथी आणखी एक अपयश मारणे होय, कारण शोधूनही काही सापडले नाही, तर तो दोषही स्वतःकडेच घेतो. थोरामोठ्यांची उदाहरणे देण्याचेही मी टाळते. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, हे खरेच आहे. पण समोर बसलेल्या खचलेल्या माणसाला ते ऐकून उभारी येण्याऐवजी आपण किती सामान्य आहोत एवढेच जाणवते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मी त्यांना वेगळे विचारले: नोकरीतला एक दिवस परत मिळणार असेल, तर कोणता घ्याल? मला वाटले होते, ते निरोपसमारंभ किंवा बढतीचा दिवस सांगतील. त्यांनी सांगितला तो पावसाळ्यातला एक दिवस. केबलच्या जोडात पाणी शिरून बाजारपेठेतले निम्मे फोन बंद पडले होते. ते ताडपत्री डोक्यावर घेऊन खड्ड्यात उतरले, जोड उघडला, तारांच्या जोड्या एकेक करून कोरड्या केल्या, तपासल्या, पुन्हा जोडल्या. अंधार पडताना औषधाच्या दुकानातला फोन वाजला, तेव्हा दुकानदाराने तो त्यांच्याच हातात दिला. हे सांगताना तासभर वाकून बसलेला माणूस ताठ झाला होता. मग आम्ही त्या दिवसाचे भाग पाडले. न दिसणारा बिघाड तर्काने हुडकणे, हाताने काम करणे, उघड्यावर असणे, कोणीतरी खोळंबलेले असणे आणि निकाल त्याच दिवशी समोर दिसणे, एवढे त्यांना हवे होते. हजेरीपट, बैठका, संघटनेतली भांडणे यांची आठवणसुद्धा नको होती. आणि आश्चर्य म्हणजे या सगळ्यात टेलिफोन असलाच पाहिजे, असे कुठेच नव्हते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मध्यवयाची मुख्य ओढाताण मांडली आहे ती पुढच्यांच्या उपयोगी पडण्याची धडपड आणि साचलेपण यांच्यातील. ही ओढाताण केवळ छंदाने भागत नाही, हे या गृहस्थांकडे पाहून पटते. बागकाम त्यांना जमत होते. पण बागेत त्यांच्यावाचून कोणाचे अडत नव्हते.

पुढचा टप्पा शोधाचा होता. “अर्ज करू नका; कोणाच्या तरी सोबत जाऊन काम बघा,” असे मी सुचवले. त्यांच्या मेहुण्याच्या शेतात सरकारी योजनेतून बसवलेला सौर पंप होता. अशा पंपांची पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी पुरवठादारावर असते, म्हणून त्याला तालुक्यात हाताशी माणसे लागतात. मेहुण्याच्या ओळखीने हे गृहस्थ त्या पुरवठादाराच्या तंत्रज्ञाबरोबर काही दिवस फिरले. पॅनेलवरची धूळ, उंदरांनी कुरतडलेली वायर, सारखा बंद पडणारा कंट्रोलर, बोअरमधली खाली गेलेली पातळी हे सारे त्यांना शिकावे लागले. परंतु पाण्याखालच्या मोटरच्या केबलचा जोड कसा करायचा, हे त्यांनी त्या तंत्रज्ञालाच शिकवले.

खरी अडचण त्यानंतर आली, आणि आमच्या बैठकींचा बराच वेळ तिने घेतला. पुरवठादाराकडे या कामावर देखरेख करणारा मुलगा २८ वर्षांचा होता. तो त्यांना ‘काका’ म्हणे आणि कामे नेमून देई. ज्यांना हाताखालची माणसे ‘साहेब’ म्हणत, त्यांना हे पहिल्या आठवड्यात सहन होईना. मी त्यांना मान गिळायला सांगितले नाही. मानापैकी किती भाग खुर्चीचा होता आणि किती हाताचा, याचा हिशेब त्यांनीच मांडावा, एवढेच म्हटले. त्या दिवशी ते काही न बोलता गेले. पुढच्या वेळी आले ते अटींची यादी घेऊनच. आठवड्यातून चार दिवस, तालुक्याबाहेर जाणार नाही, बोअरमधून मोटर ओढायला मदतनीस हवा, मोबदला प्रत्येक फेरीप्रमाणे. गुडघे ५५ वर्षांचे आहेत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. यावर माझे मत ठाम आहे. या वयात कोणी काम दिले याच्या कृतज्ञतेपोटी माणसे काहीच मागत नाहीत आणि वर्षभरात आजारी पडून घरी बसतात. सगळ्या अटी मान्य झाल्या. मोबदला पूर्वीच्या पगाराच्या पावही नव्हता. पण पेन्शनमुळे ते परवडत होते. ज्यांना पेन्शन नाही त्यांनी हा हिशेब आधी करायला हवा.

भाग पाडण्याची ही रीत नोकरी न केलेल्यांनाही लागू पडते, मात्र तेथे वरवरचे उत्तर फसवे असते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा केलेल्या एका ताईंना सगळे रुग्णसेवेचे काम सुचवत होते. बोलताना कळले, की सेवेने त्या थकून गेल्या होत्या; मन रमले होते ते औषधांच्या नोंदी, बिले आणि विम्याची कागदपत्रे यांत. आज त्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी तेच काम पाहतात.

पंपवाल्या गृहस्थांच्या मुलाला वडिलांनी हत्यारांची पिशवी अडकवून मोटारसायकलवर फिरणे अजून रुचलेले नाही. “लोकांना वाटेल, मी पैसे पाठवत नाही,” हे त्याचे दुखणे. ते मी मिटवू शकले नाही, आणि वडिलांनीही त्यासाठी काम सोडले नाही. मध्यंतरी पुरवठादाराने त्यांना पूर्ण वेळ देखरेखीची जागा आणि दुप्पट पैसे देऊ केले. त्या जागेत बैठका किती असतात, एवढेच त्यांनी विचारले, आणि उत्तर ऐकून चार दिवसांचाच करार पुढे चालू ठेवला.