वहीत माणसं लिही

कराड

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझी आई तू नौदलात अग्निवीर म्हणून निवडली गेल्याचे पेढे घेऊन आली तेव्हा मी दारातच उभा राहून तिला सॅल्यूट ठोकला. तिला हसावं की रडावं ते कळेना. मग म्हणाली, "नाना, पोरीनं बरोबर काय काय न्यायचं ते तेवढं लिहून द्या." सामानाची यादी चिल्क्याहून, म्हणजे ओडिशातल्या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राहून, येणाऱ्या कागदांत असते. त्यात नसलेली एकच वस्तू मी सांगणार आहे. एक शंभर पानी वही घे, जाड पुठ्ठ्याची.

त्या वहीत तुझ्याबरोबरच्या प्रत्येकीचं आणि प्रत्येकाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड आणि घरी आईवडिलांना गावात कोणत्या नावानं ओळखतात ते लिहून ठेव. फोन नंबर लिहिलास तरी त्यावर भिस्त ठेवू नकोस. नंबर बदलतात, आणि नौदलात फोन वापरण्यावर बंधनंही असतात. गावातलं घर सहसा जागेवर असतं, घर पडलं तरी शेजारी असतात. जहाज कुठं होतं, कुठं निघालं, यातलं अक्षरही मात्र त्यात नको. वहीत माणसं लिही, जहाज लिहू नको.

हे मी एवढं बजावून का सांगतोय, ते आता ऐक.

लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत बॉयलरचं शिक्षण संपवून १९८७ मध्ये मी आयएनएस गोदावरीवर गेलो. आपल्याच लोकांनी आखलेलं, मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेलं जहाज. १० डिसेंबर १९८३ ला ते नौदलात आलं. मी स्टोकर, म्हणजे बॉयलर पेटता ठेवणारा खलाशी. माझी जागा खाली, बॉयलर रूममध्ये. तिथं उन्हाळा-हिवाळा नसतो, कायम वैशाख. भट्टीत तेल फवारणारे स्प्रेअर, बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमधली पाण्याची रेघ आणि शेजारी उभा असलेला माणूस, एवढंच आमचं जग. माझ्या शेजारचा माणूस केरळचा होता. त्याला आम्ही सगळे चेट्टा म्हणायचो. वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या जागी, राजमुंद्रीचा एक सिग्नलमन होता आणि तोफेवर होशियारपूरकडचा एक पाजी. तिघांना माझं मराठी कळत नव्हतं आणि मला त्यांच्यातल्या एकाचीही भाषा येत नव्हती. जहाजावरच्या मोडक्या हिंदीत आमचं सगळं भागलं.

१९९० मध्ये आमची बदली झाली आणि आम्ही चार दिशांना पांगलो. सुरुवातीला दोन-तीन अंतर्देशीय पत्रं आली-गेली. मग लग्नं, पोरं, पेन्शन, दुसरी नोकरी. तेहतीस वर्षं गेली. २०१५ च्या २३ डिसेंबरला 'गोदावरी' सेवेतून निवृत्त झाली, ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली. त्या दिवशी जेवताना घास उतरेना, आणि का ते घरात कुणाला सांगता येईना. ज्यांना न सांगता कळलं असतं, त्यांचे पत्ते माझ्याकडे नव्हते.

पत्ते राजमुंद्रीवाल्याकडे होते. त्यानं १९८९ मध्ये मेस डेकवर, म्हणजे आमच्या जेवण्या-झोपण्याच्या जागी, बसून एका वहीत ते लिहून घेतले होते. तेव्हा आम्ही त्याला "पोस्टमास्टर" म्हणून चिडवायचो. २०२३ मध्ये त्यानं त्यातल्या एकोणीस पत्त्यांवर साधी पोस्टकार्डं टाकली. माझ्या जुन्या घरी आलेलं कार्ड पुतण्यानं आणून दिलं. त्यावर इंग्रजीत दोन ओळी, खाली त्याचा नंबर. एकोणीसपैकी सात जणांची उत्तरं आली. तेवढी पुरली.

भेटायचं कुठं, याची चर्चा झालीच नाही. नाशिक. ज्या नदीच्या नावाच्या जहाजावर आम्ही राबलो, तिच्या काठी. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, सकाळी आम्ही आठ जण रामकुंडावर उभे होतो. राजमुंद्रीवाला बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या गावी गोदावरी इतकी रुंद, की पलीकडचा काठ धूसर दिसतो. इथं त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीतून ती नुकतीच निघालेली. तो म्हणाला, "यही है? इतनीसी?" मग वाकून त्यानं पाणी डोळ्यांना लावलं. पुढं हजाराहून जास्त किलोमीटरवर तेच पाणी त्याच्या घराजवळून जाणार होतं.

पाजी ओळखू आला नाही, पण त्याचं हसू लगेच ओळखलं. नाशिकचाच एक जण मोटारसायकलवर आला आणि टाकीवर हात ठेवून म्हणाला, "ही बजाजची व्ही. हिच्यात जुन्या 'विक्रांत'चं लोखंड आहे." नौदलाची जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' मुंबईत तोडली गेली आणि तिचं थोडं लोखंड या गाड्यांच्या कामी आलं, हे मला वाचून माहीत होतं. तरी आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं त्या टाकीला हात लावला.

दुपारी हॉटेलातल्या टीव्हीवर मालवणचा सोहळा चालू होता, सिंधुदुर्गाच्या पाण्यात जहाजं उभी होती. आणि कुणीतरी १९८८ चा विषय काढला.

तुला ते माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी राजधानी मालेवर हल्ला केला. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी भारताकडं मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून आपले पॅराट्रूपर मालेशेजारच्या हुलहुले बेटावरच्या धावपट्टीवर उतरले. काही बंडखोर ओलीस धरून 'प्रोग्रेस लाइट' नावाच्या मालवाहू जहाजातून पळाले. 'गोदावरी' आणि 'बेतवा' त्यांच्या मागे गेल्या, आणि ६ नोव्हेंबरला ते जहाज ताब्यात आलं. मोहिमेचं नाव ऑपरेशन कॅक्टस.

आता माझी गोष्ट. त्या पाठलागात मी होतो, पण मी काहीही पाहिलेलं नाही. वेग वाढवायचा हुकूम येई, आम्ही आणखी स्प्रेअर लावायचो, चेट्टा पाण्याच्या रेघेवरून नजर हलवत नसे. मग वरून धप धप असे आवाज आले आणि बॉयलर रूमच्या पाइपांवरची धूळ आमच्या अंगावर पडली. तोफ चालली, एवढं कळलं. कुणावर, किती जवळ, लागली की नाही, ते काहीच कळलं नाही. वॉच, म्हणजे पाळी, संपवून वर आलो तेव्हा सगळं झालेलं होतं, आणि इतका थकलो होतो की न विचारताच झोपलो. पुढंही विचारलं नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, "मी मालदीवच्या मोहिमेत होतो." तुझ्या वडिलांनाही सांगितलंय. पण सांगण्यासारखं माझ्याजवळ फक्त धूळ आणि आवाज होते.

त्या दुपारी पाजीनं तोफेवरची बाजू सांगितली. सांगताना त्याचा आवाज खाली आला, कारण त्या जहाजावर ओलीस आहेत हे त्याला ठाऊक होतं. राजमुंद्रीवाल्यानं दुर्बिणीतून पाहिलेलं सांगितलं, सुटका झालेल्या माणसांना आपल्या जहाजावर घेतलं तेही. सगळे ओलीस वाचले नाहीत. हे बोलताना तो थांबला आणि आम्हीही थांबू दिलं. नंतर त्यानंच मला विचारलं, "नीचे तुम लोगों को क्या लगता था?" ब्रिजवरून वेगाचा हुकूम जायचा आणि जहाज पुढं झेपावायचं, ती झेप खाली कोण देतंय, त्यांचं काय होतंय, हे त्याला पस्तीस वर्षं कधी कळलं नव्हतं. मी आणि चेट्टानं त्याला उष्णता सांगितली, मिठाच्या गोळ्या सांगितल्या, ती धूळ सांगितली. एका टेबलाभोवती ते तीन दिवस पहिल्यांदा पूर्ण झाले. तिथं असायला हवेत असे आणखी दोघे होते, ते वारले आहेत. त्यांनी पाहिलेलं आता कुणालाच कळणार नाही.

म्हणून सांगतो, प्रत्येक फेरीनंतर शेजारणीला विचार, तू कुठं होतीस, तुला काय दिसलं. मी ते त्याच आठवड्यात विचारायला हवं होतं.

आणखी एक, थोडं अवघड. बदलीच्या आधी माझं चेट्टाशी भांडण झालं. मिडल वॉचला, म्हणजे रात्री बाराच्या पाळीला, मी वीस मिनिटं उशिरा पोहोचलो. तो त्या उकाड्यात ताटकळत उभा होता. चूक माझी, आणि वर मीच त्याला वाट्टेल तसं बोललो. निरोप न घेता जहाज सोडलं. नाशिकला पहिल्याच रात्री त्याला बाजूला घेऊन माफी मागितली. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "कौनसा झगडा?" त्याला खरंच आठवत नव्हतं. तेहतीस वर्षं मी ज्याच्यामुळं त्याला शोधायला कचरत होतो, ते त्याच्याकडं नव्हतंच. दुखावलीस कुणाला, तर पुढची वॉच संपायच्या आत बोलून मोकळी हो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निफाडकडच्या एका गावात गेलो, आमच्या पेटी ऑफिसरच्या घरी. ते जाऊन चार वर्षं झाली होती. वहिनींची कुटुंब पेन्शन चालू नव्हती. कागदांवरची जन्मतारीख आधार कार्डाशी जुळत नव्हती आणि कुणाला विचारावं हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्यातला एक जण रायटर, म्हणजे नौदलातला कारकून, होता, आयुष्य कागदांत गेलेलं. तो चुलीशेजारी पाटावर बसला, सगळे कागद लावले, अर्ज लिहिला. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोघे त्यांच्याबरोबर गेले. पुढं पाच महिन्यांनी पेन्शन सुरू झाल्याचा वहिनींचा फोन आला. आठवणी काढायला जमलो होतो हे खरं, पण मला विचारशील तर त्या तीन दिवसांतलं सगळ्यात मोठं काम त्या पाटावर झालं. आणि ते चार वर्षं आधी होऊ शकलं असतं.

तुझ्यासाठी हे जास्त निकडीचं आहे. आम्हाला पंधरा वर्षं मिळाली. तुम्ही अग्निवीर, चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस राहतील, बाकीच्या पोरी घरोघर जातील. कुणी राहील, कुणी जाईल. ज्या जातील त्यांना राहिलेल्यांनी विसरायचं नाही, आणि गेलेल्यांनी लाजून तोंड फिरवायचं नाही. वही दोघींकडं हवी.

वही मीच आणून ठेवली आहे, आईबरोबर पाठवतो. पहिल्या पानावर एक पत्ता लिहिलाय. पुण्याहून तू कोणार्क एक्सप्रेसनं जाशील. दुसऱ्या दिवशी कोव्वूर गेलं की गाडी लांबलचक पुलावर चढेल. ती गोदावरी. खिडकीशी बस आणि नीट बघ. पूल संपला की राजमुंद्री. डब्याचा नंबर मी त्याला कळवतो. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा प्लॅटफॉर्मवर जेवणाचा डबा घेऊन उभा असेल. त्याला मराठी येत नाही, माझं नाव सांग.

तुझा,
नाना