प्राध्यापकपदासाठी पैसे मागताना

नागपूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

प्राध्यापकपदासाठी देणगी मागणारा तुझा मसुदा वाचला. प्राध्यापक थेट सातव्या पानावर भेटतो. त्याआधी विद्यापीठाची 1923 ची स्थापना, शताब्दी, दूरदृष्टी, ध्येय. वर्धमाननगरातला कारखानदार पाचव्या पानापर्यंत पोचायच्या आतच विचारेल, "बरं, किती लिहू?" आणि लिहील तो आकडा तुला वाटेला लावण्यापुरता असेल.

पद भूजलाचं मागायचं आहे ना? मग वरूड-मोर्शीपासून सुरुवात कर. संत्र्याच्या बागांमधले बोअर खोल खोल चाललेत, हे दात्याला सांगावं लागत नाही. त्याचा मेहुणा नाहीतर व्याही तिकडे बागाईतदार असतोच. सांगायचं ते हे की त्याच विहिरींची पातळी वीस-पंचवीस वर्षं सलग मोजणारा माणूस विद्यापीठात हवा. तासिका तत्त्वावरचा शिक्षक सत्राबरोबर येतो, सत्राबरोबर जातो. त्याच्या नोंदवह्याही त्याच्यासोबत जातात. हे दोन परिच्छेदांत नीट मांडलंस तर बाकीचं अर्धं काम झालं.

दाते इमारतीला पैसे देतात, कारण दारावर नाव दिसतं. माणसाला का द्यावे, असं विचारतील. तेव्हा रामन यांचं सांग. सी. व्ही. रामन 1910 च्या सुमारास आपल्या नागपुरात वित्तखात्यात अधिकारी होते. ती सरकारी नोकरी सोडून, कमी पगारावर, 1917 साली ते कलकत्ता विद्यापीठात 'पालित प्राध्यापक' झाले. ते पद बॅरिस्टर तारकनाथ पालित यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. पदावर भारतीयच असावा, ही त्यांची अट. 1928 चा शोध आणि 1930 चं नोबेल त्या पदावर असताना आलं. पालित 1914 मध्येच वारले होते, तरी नाव आजही घेतलं जातं. घरचं उदाहरण हवं तर कामठीचे रावबहादूर लक्ष्मीनारायण आहेतच. त्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या सुमारे 35 लाखांतून 1942 साली तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली.

आता हिशेब. मसुद्यात 'अंदाजे 2 कोटी' लिहिलंस, ते कुठून आणलंस बाप्पा? सातव्या वेतन आयोगात प्राध्यापकाचं मूळ वेतन 1,44,200 पासून सुरू होतं. भत्ते, एक संशोधन सहायक, थोडा प्रवास धरला तर वर्षाला 30 लाख हाताशी लागतात. हा खर्च देणगीच्या ठेवीवरच्या व्याजातून भागवायचा. ठेवीवर 7 टक्के मिळाले तरी सगळे खर्चायचे नाहीत. 3 टक्के महागाईसाठी मुद्दलात परत टाकायचे. उरलेल्या 4 टक्क्यांत 30 लाख बसवायचे तर मुद्दल साडेसात कोटी लागतं. आकडा ऐकून समोरचा दचकेल, दचकू दे. कमी सांगून पद अर्ध्यावर सोडण्यापेक्षा ते बरं.

बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्यांकडे मात्र या मुद्दलासाठी जाऊ नको. 2021 च्या नियमदुरुस्तीनंतर सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढलेला पैसा कुठल्याही संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायम मुद्दलात, टाकता येत नाही. त्यांच्याकडे विहिरींवरच्या उपकरणांचा, क्षेत्रकामाचा वर्षावर्षाचा खर्च माग. मुद्दल माजी विद्यार्थी आणि घराणी देतील. त्यांना देणगीवरच्या करसवलतीचं (80जी) आमिष फार दाखवू नको. नव्या करप्रणालीत ती सवलत नाही.

अटी आधीच लिहून ठेव. निवड समितीच करेल, दात्याचा पुतण्या कितीही हुशार असो. पद रिकामं राहिलं तर व्याज मुद्दलात जाईल, दुसऱ्या खात्यात वळणार नाही. ही अट वाचून दाते निवांत होतात, कारण अध्यासनाच्या, म्हणजे अशा देणगीच्या पदाच्या, नावावर जयंतीच्या व्याख्यानापलीकडे काही न झाल्याचं त्यांनी पाहिलेलं असतं.

या अटींवर वित्त व लेखा अधिकाऱ्यांची लेखी संमती आधी घे, दात्याकडे भेटीची वेळ नंतर माग. नवा मसुदा चार पानांचा कर आणि पाठव.

तुझा,
सर